बुग्यालातील पक्षिनिरीक्षण

गढवाल आणि कुमाऊँच्या डोंगरांत झाडांची शेवटची रांग साधारण ३,३०० ते ३,६०० मीटर उंचीवर संपते. तिथून कायमच्या बर्फापर्यंत जी गवताळ उतरणी आणि माळ पसरलेले असतात, त्यांना तिकडे बुग्याल म्हणतात. बेदनी, आली, दयारा, पंवाली कांठा ही त्यांतली नावाजलेली. हिमाचलात अशा कुरणाला थाच म्हणतात, काश्मिरात मर्ग. वर्षातले कित्येक महिने ही जमीन बर्फाखाली असते. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळू लागले की गवत डोके वर काढते, जुलै-ऑगस्टमध्ये फुले येतात आणि ऑक्टोबरात सगळा उतार पिवळा पडतो. एवढ्या अवधीत इथल्या पक्ष्यांना जोडी जमवायची असते, घरटे करायचे असते आणि पिल्ले उडती करायची असतात. म्हणून मोसमात बुग्यालावर पक्षी उघड्यावर, गात आणि दिवसभर कामात असतात. जंगलात जे पाने बाजूला सारून शोधावे लागते, ते इथे नजरेसमोर असते. अट एकच, बघणाऱ्याने सावकाश चालावे. उंचीवरच्या विरळ हवेत शरीराला जे हवे असते तेच पक्षी बघायलाही लागते, आणि शिखर गाठायची घाई दोन्हीचे नुकसान करते.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी रुद्रप्रयाग आणि चमोली जिल्ह्यांच्या सीमेवरचा चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला हा भाग सर्वांत सोयीचा. चोपत्यापर्यंत मोटाररस्ता जातो आणि ते २,७०० मीटरच्या आसपास आहे. तिथून तुंगनाथाच्या मंदिरापर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटरची दगडी फरसबंद वाट आहे. पंचकेदारांतले हे मंदिर साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, आणि चंद्रशिलेचा माथा आणखी किलोमीटर-दीड किलोमीटरवर. म्हणजे एका सकाळच्या चालीत घनदाट जंगल, झाडांची शेवटची रांग, गवताळ उतार आणि उघडा खडक असे चारही थर पायाखालून जातात. हिमालयात इतक्या कमी अंतरात हे क्वचितच घडते. हा सगळा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून किंवा त्याच्या आत आहे. ९७५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९७२ साली मुख्यतः कस्तुरीमृगाच्या रक्षणासाठी घोषित झाले.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याने रेल्वेने हरिद्वार किंवा विमानाने डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ गाठावा. पुढे ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ असा रस्ता आहे. हा प्रवास एका दिवसात उरकून रात्री चोपत्यात झोपण्यापेक्षा वाटेत उखीमठला किंवा पलीकडच्या बाजूला गोपेश्वरजवळच्या मंडल गावात एक-दोन मुक्काम करणे शहाणपणाचे. मंडल सुमारे १,५०० मीटरवर आहे आणि पक्षिनिरीक्षकांमध्ये स्वतःच्या बळावर प्रसिद्ध आहे. ओढ्याकाठच्या दगडांवर शेपटी हलवणारे प्लंबियस रेडस्टार्ट आणि पांढऱ्या टोपीचे रेडस्टार्ट, पाण्यात बुडी मारणारा ब्राउन डिपर, फोर्कटेल, वरच्या बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या जंगलात कालीज फेझंट आणि लाफिंगथ्रशांचे गोंधळी थवे असे सगळे इथे दिसते. शिवाय शरीर हळूहळू उंचीला सरावते, हा मोठाच फायदा.

उंचीचा प्रश्न महाराष्ट्रातल्या ट्रेकरने विशेष गांभीर्याने घ्यायला हवा. सह्याद्रीतले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे चोपत्याला गाडीतून उतरतानाच माणूस कळसूबाईच्या हजारभर मीटर वर असतो. सह्याद्रीत पाय तयार असले की चढ निघतो. हिमालयात पाय तयार असूनही डोके दुखू शकते, कारण ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच उरतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी मिळतो. तरुण, धडधाकट आणि जोरात चालणाऱ्या माणसाला हा त्रास होणार नाही, हा समज साफ चुकीचा आहे. उलट जोरात चढणाऱ्यालाच तो आधी गाठतो.

२,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा जाणवला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रास समजावा आणि आणखी वर जाऊ नये. आराम करूनही त्रास वाढत गेला तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, छातीत घरघर ही फुफ्फुसात पाणी साठू लागल्याची चिन्हे आहेत. झोकांड्या जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज आल्याची. या दोन्हीत रात्र आहे, पाऊस आहे असा विचार न करता रुग्णाला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे, कारण खरा उपचार तोच. टाळण्याचा नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. डायमॉक्स या नावाने मिळणारी ॲसेटॅझोलामाइडची गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. पाणी भरपूर प्यावे आणि मुक्कामात दारू टाळावी.

मोसमाची निवड काय बघायचे आहे त्यावर ठरते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ पक्ष्यांसाठी सर्वोत्तम. बुरांश फुललेला असतो, नर गात असतात, पिसारा ऐन रंगात असतो. एप्रिलमध्ये तुंगनाथच्या वाटेवर बर्फ असू शकतो, त्यासाठी बुटांना लावायचे काटे सोबत असावेत. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. या दिवसांत बुग्याल फुलांनी भरून जातात, पण धुके पक्षी दिसू देत नाही, जंगलात जळवा असतात आणि दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. फक्त पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने हा काळ सोडून द्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा काचेसारखी स्वच्छ असते, चौखंबा आणि केदारनाथची शिखरे दिवसभर दिसतात आणि वरचे पक्षी थव्याथव्याने खाली सरकू लागतात. हिवाळ्यात मंदिर बंद असते, देवाची चलमूर्ती मक्कूमठला नेलेली असते आणि वाट बर्फात गाडलेली. तेव्हा जायचे तर बर्फावर चालण्याचा अनुभव आणि स्थानिक वाटाड्या दोन्ही हवेत.

दिवसाची आखणी पहाटेपासून करावी. मे महिन्यात तुंगनाथच्या वाटेवर सकाळी सात-आठनंतर यात्रेकरू, घोडे आणि मोबाइलवरची गाणी यांची वर्दळ सुरू होते. उजाडताना चढायला लागलेल्याला पहिला तास-दीड तास वाट जवळजवळ एकट्याला मिळते, आणि मोनाल पक्षी नेमका त्याच वेळी उघड्यावर चरत असतो. दुपारी मे-जूनमध्ये ढग जमून विजा चमकतात. चंद्रशिलेसारख्या उघड्या धारेवरून दुपारपूर्वी उतरायला लागणे हा सुरक्षिततेचा नियम आहे, त्यात सवलत नाही. गडगडाट ऐकू आला की धार आणि एकटे झाड सोडून खोलगट जागी यावे आणि ट्रेकिंगचे धातूचे पोल बाजूला ठेवावेत. संध्याकाळी आभाळ पुन्हा उघडले तर जंगलाच्या कडेला तासभर बसावे. तो वेळ वाया जात नाही.

चालताना सर्वांत जास्त वेळ कुठे द्यावा, याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. माथ्यावर नव्हे, तर जिथे झाडे संपतात आणि गवत सुरू होते त्या अरुंद पट्ट्यात. खर्सू आणि देवदारवर्गी झाडांची उंची घटत जाते, भोजपत्राची वाकडी खोडे आणि ठेंगण्या बुरांशाची झुडपे दिसू लागतात, मग मोकळा उतार. या शे-दीडशे मीटर उंचीच्या पट्ट्यात जंगलातले आणि कुरणातले पक्षी दोन्ही येतात. शेंड्यांवर रूफस-व्हेंटेड टिट आणि ग्रे-क्रेस्टेड टिट, फांदीच्या टोकाला नटक्रॅकर, कोवळ्या कळ्या खाणारे लाल डोक्याचे बुलफिंच, झुडपांतून उड्या मारणारे व्हेरिगेटेड लाफिंगथ्रश. फुललेल्या बुरांशावर फायर-टेल्ड सनबर्डचा नर दिसला तर मान वर केलेला माणूस तिथेच थांबून जातो. त्याची लांब शेपटी लालभडक असते आणि ती फक्त विणीच्या काळात. ज्यांना पहाटे चढून दुपारी उतरायचेच आहे त्यांनीही या पट्ट्यात निदान तासभर एका दगडावर बसून काढावा. चालत राहून जेवढे दिसते त्याच्या दुप्पट इथे बसून दिसते.

मोनाल हा उत्तराखंडाचा राज्यपक्षी. नराचा रंग ऊन पडेल तसा हिरवा, तांबूस, निळा, जांभळा दिसतो, डोक्यावर टोकाला पसरट होणाऱ्या पिसांचा तुरा असतो आणि शेपटी दालचिनीच्या रंगाची. मादी तपकिरी, गळा पांढरा. तो सापडतो तो मात्र रंगावरून कमी आणि सवयीवरून जास्त. वाकड्या, भक्कम चोचीने मोनाल जमीन उकरून कंद आणि किडे काढतो, म्हणून उतारावर ताजी उकरलेली माती दिसली की आजूबाजूला नजर फिरवावी. सकाळी त्याची कर्ल्यू पक्ष्यासारखी लांब शीळ ऐकू येते. दचकला की तो दरीच्या दिशेने झेपावतो आणि तेव्हा नराच्या पाठीवरचा पांढरा पट्टा चमकून जातो. त्याच्या जवळ जायचे असेल तर घाई करू नये. थांबत थांबत गेल्यास तो पुष्कळदा चरत राहतो.

गवताच्या पुढे खडक सुरू झाले की स्नो पार्ट्रिज आणि हिमालयन स्नोकॉक यांच्याकडे लक्ष द्यावे. पहिला आकाराने लहान, पाठीवर काळ्यापांढऱ्या बारीक रेघा, चोच आणि पाय लाल. दुसरा बराच मोठा, करड्या रंगाचा, मानेवर तांबूस पट्टे. स्नोकॉक उतारावर चालत वर चढतो आणि खाली जायचे तर पंख पसरून तरंगत जातो. त्याची चढत जाणारी शीळ पहाटे दूरवरून येते, आणि तो कुठे बसला आहे हे शोधायला अर्धा तास लागला तरी निराश होऊ नये. दगडांत दगड होऊन बसणे हेच त्याचे संरक्षण आहे.

आकाशातले मोठे पक्षी शेपटीवरून ओळखायला शिकावे. हिमालयन ग्रिफन गिधाडाचे पंख रुंद, टोकांना बोटांसारखी पिसे फाकलेली आणि शेपटी आखूड. दाढीवाल्या गिधाडाचे पंख लांब व टोकदार, शेपटी पाचरीच्या आकाराची. हे गिधाड उंचावरून हाडे खडकावर टाकून फोडते आणि आतला मगज व हाडांचे तुकडे खाते. त्याच्या छातीवरचा तांबूस रंग पुष्कळदा लोहयुक्त मातीत अंग घोळल्याने आलेला असतो. सोनेरी गरुड घिरट्या घालताना पंख किंचित वर, इंग्रजी व्हीच्या आकारात धरतो.

तुंगनाथच्या आसपास काळ्या कावळ्यासारखे जे थवे हवेत खेळताना दिसतात ते चफ. दोन जाती एकत्र असू शकतात. लाल, वाकडी चोच असलेल्या जातीचे पंख रुंद आणि शेपटी आखूड, पिवळ्या चोचीच्या जातीची शेपटी लांबट आणि पंख निमुळते. पिवळ्या चोचीचा चफ गिर्यारोहकांच्या मागे एव्हरेस्टवर ८,००० मीटरच्याही वर गेलेला पाहिला गेला आहे. हिवाळ्याच्या आगेमागे निळ्याशार ग्रँडाला नरांचा मोठा थवा दिसला, तर तो या सहलीचा सर्वांत मोठा लाभ समजावा.

छोट्या पक्ष्यांत नवशिक्या गोंधळतो, आणि त्यात काही चूक नाही. गवतावर धावणारे पिपिट बहुधा रोझी पिपिट असते. विणीच्या काळात त्याच्या छातीवर फिकट गुलाबी छटा आणि डोळ्यावर ठळक भुवई येते, आणि गात गात उंच जाऊन तरंगत खाली येण्याची त्याची पद्धत लांबूनही कळते. ॲक्सेंटर मंदिराच्या भिंतीपाशी, पायऱ्यांवर अगदी जवळ येतात. अल्पाइन ॲक्सेंटरची छाती करडी, कुशीत तांबूस रेघा आणि चोचीच्या मुळाशी पिवळा रंग. रूफस-ब्रेस्टेड ॲक्सेंटर लहान, छाती नारिंगी. ठेंगण्या झुडपाच्या टोकावर बसून गाणारा, गळा माणकासारखा लाल आणि त्याखाली काळा पट्टा असलेला पक्षी म्हणजे हिमालयन रुबीथ्रोट. रोजफिंचांच्या माद्या मात्र एकमेकींसारख्याच दिसतात. तिथे जोडीला असलेल्या नरावरून अंदाज बांधावा, आणि नर दिसला नाही तर वहीत नुसते 'रोजफिंच' लिहिणे अधिक प्रामाणिक.

आवाजाकडे कान ठेवण्याचे महत्त्व सांगणारी एक घटना याच अधिवासातली आहे. प्लेन-बॅक्ड थ्रश नावाची एकच जात मानली जात होती. २००९ साली अरुणाचल प्रदेशात काम करताना अभ्यासकांच्या लक्षात आले की जंगलातला नर मधुर गातो आणि झाडांच्या रेषेवरच्या खडकाळ भागातला कर्कश. पुढे संग्रहालयांतले नमुने आणि डीएनए तपासून २०१६ मध्ये या दोन वेगळ्या जाती ठरल्या. वरची अल्पाइन थ्रश झाली, आणि पूर्व हिमालयातल्या जंगलाच्या जातीला डॉ. सालीम अली यांच्या नावावरून झूथेरा सालिमअलीआय हे शास्त्रीय नाव मिळाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आयुष्य घालवलेल्या या माणसाचे 'इंडियन हिल बर्ड्स' हे पुस्तक १९४९ साली आले. डोंगरातल्या पक्ष्यांची ओळख करून घेण्यासाठी ते अजूनही हाताशी धरावे असे आहे. प्रत्यक्ष ओळख पटवायला ग्रिमेट आणि इन्स्किप यांचे भारतीय उपखंडावरील पुस्तक जास्त उपयोगी.

दुर्बीण आठ पटीची घ्यावी, ८×४२ किंवा वजन कमी हवे तर ८×३२. दहा पटीच्या दुर्बिणीने दूरचे गिधाड चांगले दिसते हे खरे, पण चढून धाप लागलेल्या माणसाच्या हातात तिचे चित्र थरथरते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा हार्नेस लावला की मान दुखत नाही. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लवकर उतरतात, त्या आतल्या खिशात आणि रात्री अंथरुणात ठेवाव्यात. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा आणि दुर्बीण सॅकमध्येच बंद ठेवून हळूहळू गरम होऊ द्यावीत, नाहीतर भिंगांवर वाफ धरते. कपडे एकावर एक असे तीन थरांचे असावेत. रंग मातीचा, गवताचा किंवा करडा. थांबून बघायचे असल्याने पक्षिनिरीक्षकाला ट्रेकरपेक्षा एक गरम कपडा जास्त लागतो, आणि हातमोजे असे हवेत की दुर्बिणीचे चक्र फिरवता येईल. वर सूर्याचे अतिनील किरण तीव्र असतात, म्हणून चांगला काळा चष्मा, टोपी आणि सनस्क्रीन हवेच. बर्फ असेल तर चष्म्याशिवाय पाऊल टाकू नये.

वाटेवर धनगरांचे मेंढ्यांचे कळप भेटतात. त्यांच्यासोबतचे भोटिया कुत्रे बिबट्याशी झुंजणारे असतात, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेले. कळपाच्या मधून कधीही जाऊ नये. लांब थांबून मेंढपाळाला हाक मारावी, तो कुत्रे आवरतो. पहाटेच्या अंधारात जंगलातून जाताना अस्वलाला चाहूल लागावी म्हणून आपसात बोलत जावे. उजाडून उघड्यावर आल्यावर मात्र गप्पा बंद.

बुग्यालाची माती पातळ आणि गवताची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. एकदा साल निघाले की पावसाचे पाणी त्याच जागी घळ पाडते. तंबूखाली दबलेला चौकोन पुढच्या मोसमातही दिसतो. या नासधुशीमुळेच उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि पर्यटकांच्या संख्येवर २०० ची मर्यादा घातली. निघण्यापूर्वी त्या त्या वनविभागाचा चालू नियम, प्रवेशशुल्क आणि परवाना विचारून घ्यावा, आणि मुक्काम झाडांच्या रेषेखाली किंवा गावातच करावा. मुक्काम खाली असला म्हणजे पहाटे लवकर निघावे लागते. पक्ष्यांच्या दृष्टीने ते चांगलेच.

पिपिट, रुबीथ्रोट, स्नो पार्ट्रिज, मोनाल ही सगळी जमिनीवर किंवा जमिनीलगत घरटे करणारी मंडळी आहेत. एप्रिल ते ऑगस्ट वाट सोडून गवतात शिरणे म्हणजे न दिसणाऱ्या अंड्यांवर पाय देण्याचा धोका. एखादा पक्षी चोचीत किडे घेऊन सारखा ओरडतो आहे किंवा पंख मोडल्यासारखा फडफडतो आहे, तर घरटे जवळ आहे असे समजून लगेच मागे फिरावे. मोबाइलवरून नराचा आवाज वाजवून त्याला बोलावणे टाळावेच. इतक्या आखूड मोसमात खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावण्यात गेलेला वेळ त्याला परवडत नाही. मोनालाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. पूर्वी तुऱ्यासाठी त्याची शिकार होई, म्हणून सापडलेले पीसही उचलू नये.

नोंद जागेवरच करावी. वेळ, उंची, अधिवास, हवा, संख्या आणि पक्षी काय करत होता हे चार शब्दांत लिहिले तरी पुरे. वर मोबाइलला नेटवर्क असेलच असे नाही, म्हणून पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन ॲपमधला त्या प्रदेशाचा संच आणि नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. मुक्कामी परतल्यावर यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावी. त्यात न दिसलेले पक्षी आणि रिकाम्या गेलेल्या सकाळीही खऱ्याच लिहाव्यात, कारण उन्हाळे लवकर येऊ लागल्यावर कोणते पक्षी वर सरकले हे अशाच नोंदींवरून कळणार आहे. हिमालयन क्वेल हा उत्तराखंडाच्याच गवताळ उतारांवरचा, बुग्यालाच्या बराच खाली राहणारा पक्षी १८७६ नंतर कोणालाही खात्रीने दिसलेला नाही. त्याच्याबद्दलचे ज्ञान मोजक्या नमुन्यांपुरते आणि शिकाऱ्यांच्या जुन्या टिपणांपुरते आहे, कारण तो असताना त्याच्या रोजच्या नोंदी ठेवणारे कोणी नव्हते.